अंटार्क्टिकातला सिन्हांचा डोंगर

अंटार्क्टिकात एका भारतीय माणसाच्या नावाचा डोंगर आहे, माउंट सिन्हा. उंची 990 मीटर, म्हणजे तिथल्या हिशोबात किरकोळच, पण जागा बघा, मेरी बर्ड लँड, पश्चिम अंटार्क्टिकाचा असा प्रचंड भाग की ज्यावर आजवर कुठल्याच देशाने हक्क सांगितलेला नाही (अमेरिकन ध्रुवीय संशोधक रिचर्ड बर्डने 1929 मध्ये या भागाला आपल्या बायकोचं नाव दिलं, चान्स मिळाल्यावर सोडतंय कोण).

आता हे सिन्हा, म्हणजे अखौरी सिन्हा, मूळचे बिहारचे, अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ. त्यांनी हा डोंगर शोधलाही नाही की त्याच्यासाठी मोहीम काढली नाही. 1971-72 मध्ये ते साउथविंड नावाच्या आइसब्रेकर जहाजावर होते, सोबत दोन हेलिकॉप्टर, आणि काम काय तर समुद्रातल्या तरंगत्या बर्फावरचे सील, शिवाय देवमासे आणि पक्षी मोजायचे!

डोंगर त्याआधीच नकाशावर आला होता. 1959 ते 65 दरम्यान अमेरिकन नेव्हीच्या विमानांनी वरून फोटो काढले, जमिनीवरच्या सर्व्हेची त्याला जोड दिली आणि नकाशे बनले, पण त्यात बिननावाची शिखरं ढिगाने. खडकाचा नमुना कुठून उचलला हे लिहायचं किंवा पायलटला कुठे उतरायचं ते सांगायचं तर नाव लागतंच ना. मग अमेरिकेची नावं ठरवणारी कमिटी तिथे राबलेल्यांची नावं देत गेली, शास्त्रज्ञ, पायलट, अगदी स्टेशनवरचे कुकसुद्धा.

अर्थात यातही मानपान आहेच, जितकी जागा मोठी तितका माणूस मोठा लागतो. खंडातलं सगळ्यात उंच शिखर माउंट विन्सन, ते कार्ल विन्सन या जॉर्जियाच्या खासदाराच्या नावाने, कारण अमेरिकन संसदेत अंटार्क्टिक संशोधनाच्या पाठीशी तो उभा राहिला. 1959 मध्ये त्याची उंची 5140 मीटर धरली होती, 1966 च्या डिसेंबरमध्ये माणसं पहिल्यांदा माथ्यावर पोचली आणि 2004 मध्ये जीपीएसने मोजलं तर निघाली 4892, म्हणजे जवळपास अडीचशे मीटर गायब. 2006 मध्ये कमिटीने अख्खा डोंगरसमूह वेगळा आणि शिखर वेगळं अशी दोन नावं केली, दोन्ही विन्सनचीच.