शेंदरी ओढा, नितळ ओढा आणि दोघांनाही एकच चुना

खाणीतल्या सेलेनियमची (जास्त झालं की जलचरांना विषारी ठरणारं मूलद्रव्य) बातमी आली की सोबतचा फोटो ठरलेला: शेंदरी पाण्याचा ओढा, दगडांवर गंजाचं पुटं. तो ओढा आम्लाचा असतो. सेलेनियमच्या ओढ्याचा फोटो काढून उपयोग नाही, कारण पाणी इतकं नितळ असतं की तळाचे गोटे मोजावेत. फोटो चुकला तरी एक वेळ चालेल, पण त्या फोटोवरून उपायही चुकतो.

आम्लाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. कोळशालगतच्या खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, असतं. खाणकामात ते उघडं पडतं, त्याला हवा-पाणी लागतं आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. विरघळलेलं लोखंड पुढे शेंदरी गाळ होऊन बसतं. मेघालयात जैंतिया टेकड्यांमधल्या नद्यांची अशीच वाट लागली. उपाय चुन्याचा. आम्लपणा घटून पीएच वर गेला की लोखंड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतात.

घोळ होतो तो सेलेनियमही बऱ्याचदा याच पायराइटमधून येतं म्हणून. आवर्तसारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली आहे, आणि पायराइटमध्ये गंधकाच्या जागी गुपचूप बसलेलं असतं. मग सरळ हिशोब होतो: उगम एक, तर औषधही एक, टाका चुना. एका तरुण अभियंत्याने मला मोठ्या उत्साहाने पीएचची पट्टी दाखवली होती. हिरवी, सात-साडेसात. ‘सर, पाणी ओके आहे.’ पट्टी खरंच बोलत होती, फक्त तिला सेलेनियमबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

लोखंड पाण्यात धनभारित असतं, म्हणून चुन्याने खाली बसतं. सेलेनियम ऑक्सिजनला धरून सेलेनेट होतं आणि हा आयन ऋणभारित. हायड्रॉक्साइड होऊन तळाला जाणं त्याच्या स्वभावातच नाही. पोतंभर चुना ओता, ते पाण्याबरोबर पुढे चालू लागतं. त्याचा भाऊ सेलेनाइट आम्लधर्मी पाण्यात लोखंडाच्या गाळाला चिकटून राहतो, पण पीएच चढला की ती पकडही सैल होते. म्हणजे आम्लाचा बंदोबस्त करताना सेलेनियमला वाट मोकळी करून दिली जाऊ शकते.

याचं ढळढळीत उदाहरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचं एल्क खोरं. तिथे पोलादासाठीचा कोळसा काढतात. डोंगर फोडून निघालेला दगड (चंद्रपूर-वणीकडे आपण ज्याला ओबी म्हणतो तो) दऱ्यांमध्ये ओततात आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून झिरपतं. खडकात कार्बोनेट भरपूर, त्यामुळे आम्ल तिथल्या तिथेच मरतं. निसर्गानेच चुना टाकलेला! तरीही सेलेनियम फोर्डिंग नदीतून एल्क नदीत आणि पुढे सीमेपलीकडे मोंटानात पसरलेल्या कूकानूसा जलाशयात पोचलं. शिवाय विरघळलेला कार्बोनेट ओढ्याच्या तळाशी कॅल्साइट होऊन बसतो, बोअरच्या पाण्याने बादलीला चढतो तसा, आणि गोटे एकमेकांना सांधले जातात. 2012 मधल्या प्रदूषणासाठी टेक कोल कंपनीला मार्च 2021 मध्ये 6 कोटी कॅनेडियन डॉलर भरावे लागले.

‘पिण्यालायक आहे ना, मग झालं’ हे वाक्य तर मला अजिबात सहन होत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात सेलेनियमची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, ब्रिटिश कोलंबियाने जलचरांसाठी ठेवलेली पातळी 2. माणसासाठी पास झालेलं पाणी माशाला पाचपट जड पडू शकतं. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशात असं ते साचत जातं. मादी धडधाकट दिसते, पण सेलेनियम अंड्यांत उतरतं आणि पिल्लं वाकड्या कण्याची निघतात. आम्लाचा ओढा मासे मारून मोकळा होतो, इथे पुढची पिढीच येत नाही.

मग करायचं काय? सेलेनियम काढायचा एक मार्ग जिवाणूंचा. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत ते सेलेनेटचं मूलद्रव्यरूपी सेलेनियम करतात आणि ते गाळता येतं. सुरुंगाच्या दारूतून आलेलं नायट्रेट पाण्यात असलं की जिवाणू आधी त्यावर ताव मारतात, ही वेगळी डोकेदुखी. एल्क खोऱ्यातल्या वेस्ट लाइन क्रीक प्रकल्पात तर एकूण सेलेनियम घटलं, पण उरलेलं ज्या रूपात बाहेर पडत होतं ते जलचर जास्त सहज शोषून घेत होते. 2018 मध्ये प्रकल्प बंद ठेवून त्याला ऑक्सिडीकरणाचा आणखी एक टप्पा जोडावा लागला.

तेव्हापासून ‘एकूण सेलेनियम इतकं’ एवढीच ओळ असलेला अहवाल आला की मी तो परत पाठवतो. सेलेनेट किती, सेलेनाइट किती, सेंद्रिय किती, ते लिहून आणा.