कानाला चकवणारं कॉकपिट

धावपट्टीवर विमान वेग घेतं तेव्हा पाठ खुर्चीत दाबली जाते. वैमानिकांना जमिनीवरच सराव देणारा सिम्युलेटर मात्र एका हॉलमध्ये सहा पायांवर उभा असतो आणि त्या पायांची झेप जेमतेम दीड मीटर. तरी आतल्या वैमानिकाला तोच दाब जाणवतो, कारण पडद्यावरची धावपट्टी सपाट दिसत असताना अख्खं कॉकपिट हळूच मागे कलतं. अंतर्कर्णातल्या कॅल्शियमच्या सूक्ष्म खड्यांना कलणं आणि वेग वाढणं यांतला फरक कळत नाही. दहा अंश कललं की गुरुत्वाकर्षणाचा सुमारे १७ टक्के जोर पाठीवर येतो. डोळ्यांना धावपट्टी पळताना दिसते, म्हणून मेंदू तो वेग समजतो. फक्त हे कलणं सावकाश हवं. सेकंदाला दोन-तीन अंशांहून जलद झालं, तर कानातल्या, फिरणं टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका चोरी पकडतात.

अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांवर डुलणारं प्रशिक्षण-यंत्र बनवलं, तेव्हापासून हा खटाटोप चालू आहे. आज प्रवासी विमानांच्या सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरला सहाही प्रकारची हालचाल (तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती कलणं-वळणं) सक्तीची आहे. पण तिने शिकणं सुधारतं का?

सरसकट नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आधीचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. नवशिक्यांना आणि अवचित धक्का सावरण्याच्या कामात हालचालीचा फायदा दिसला. अनुभवी वैमानिकांच्या उजळणीत तो दिसला नाही. मला हे पटतं. वळण स्वतः घेतलं तर ते येणार हे ठाऊकच असतं. टेकऑफला एक इंजिन बंद पडलं की मात्र नाक त्या बाजूला ओढलं जातं, ते काट्यांकडे नजर जाण्याआधी अंगाला कळतं आणि पाय रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पेडलवर जातो.

पण हाच कान ढगात आणि काळोखात दगा देतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं, विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं, आणि अशा वेळी वाढत जाणारा कल कान खात्रीने सांगू शकत नाही. आपलं उपकरण सहवैमानिकाच्या आणि राखीव उपकरणाशी ताडून पाहण्याची सवय तर न हलणाऱ्या, स्वस्त सिम्युलेटरवरही घोटून घेता येते. नवशिक्यांच्या वेळापत्रकात तिला जास्त तास मिळायला हवेत.