कॅलिफोर्नियातला नसबंदी-उपचाराचा कायदा आणि सज्ञान पेशंटचा हक्क

अमेरिकेत नसबंदीचे नियम काही केंद्राचे आणि काही प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, त्यातला कॅलिफोर्नियाचा कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. राज्याच्या आरोग्य संहितेतलं कलम १२५८ म्हणतं की जे हॉस्पिटल गर्भनिरोधासाठी नसबंदी करतं त्याने पेशंटला वैद्यकीय नसलेल्या खास अटी घालायच्या नाहीत, म्हणजे वय किती, लग्न झालंय का, स्वतःची मुलं किती हे विचारून ऑपरेशन अडवायचं नाही. तब्येतीच्या अटी चालतात, डॉक्टरने सल्ला देणं चालतं, आणि अल्पवयीन मुलांना हे कलम लागू नाही.

हे कलम कशासाठी लागलं ते कळायला जुना '१२० चा नियम' माहीत पाहिजे. बाईचं वय गुणिले मुलांची संख्या, उत्तर १२० किंवा जास्त आलं तरच नसबंदी, असा अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा नियम होता, वर दोन डॉक्टर आणि एका मानसोपचारतज्ज्ञाची सही. ३५ वर्षांची, तीन मुलं असलेली बाई आली तर गुणाकार १०५, म्हणजे घरी जा, मग तिला पुढच्या बाळंतपणात धोका असला तरी. १९७० च्या आसपास हा नियम गेला पण सवय लगेच गेली नाही, नवऱ्याची सही आण म्हणणारी हॉस्पिटलं होतीच. कॅलिफोर्नियात त्याआधीच, १९६९ मध्ये, शास्ता काउंटी नावाच्या जिल्ह्याच्या केसमध्ये अपील कोर्टाने सांगून टाकलं होतं की समजून-उमजून दिलेली संमती असेल तर उपचाराचं कारण नसतानाही नसबंदी कायदेशीर आहे.

पण याच राज्याचा दुसरा इतिहास भयंकर आहे आणि तो वगळून हा कायदा समजत नाही. १९०९ च्या कायद्याने सरकारी संस्थांमधल्या साधारण २०,००० लोकांची सक्तीने नसबंदी झाली, तो कायदा रद्द व्हायला १९७९ उजाडलं. लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात मेक्सिकन वंशाच्या बायकांकडून प्रसूतीच्या कळा सुरू असताना, न कळणाऱ्या इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या, त्यावरची केस १९७८ मध्ये त्या हरल्या. पुढे २०१४ च्या राज्य ऑडिटमध्ये निघालं की जेलमधल्या १४४ बायकांच्या ट्यूबा, म्हणजे बीजवाहिन्या, बांधल्या गेल्या आणि त्यात ३९ जणींच्या संमतीतच गडबड होती, त्याच वर्षी जेलमध्ये गर्भनिरोधासाठी नसबंदी करायला बंदी आली. म्हणजे एकीकडे बाई मागतेय तर देत नव्हते आणि दुसरीकडे जिने मागितलंच नाही तिची करून टाकत होते, दोन्हीकडे तिला विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

म्हणूनच गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे, म्हणजे मेडी-कॅलचे, नियम कडक आहेत. नसबंदीसाठी पेशंट २१ वर्षांचा पाहिजे, पीएम ३३० नावाचा फॉर्म भरल्यावर ३० दिवस थांबायचं, सही १८० दिवस चालते, मुदतीआधी बाळंतपण किंवा पोटाचं तातडीचं ऑपरेशन असेल तर निदान ७२ तास, आणि कळा चालू असताना घेतलेली सही चालत नाही. हेतू चांगलाच आहे, पण फॉर्म वेळेत भरला गेला नाही तर बाळंतपणाच्या वेळी ट्यूब बांधून होत नाही आणि बाई तशीच घरी जाते, खाजगी विमा असलेल्या बाईला हा ताप बराच कमी आहे. मला हा फरक अन्यायाचाच वाटतो. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) किंवा कॅन्सरसारख्या आजारासाठी गर्भाशयाची पिशवी काढायची असेल तर ३० दिवसांची अट नाही, फक्त यानंतर मूल होणार नाही हे तोंडी आणि लेखी सांगावं लागतं, मात्र केवळ नसबंदी म्हणून पिशवी काढायला मेडी-कॅल पैसे देत नाही.

कलम १२५८ मधली मोठी पळवाट 'जे हॉस्पिटल नसबंदी करतं' या शब्दांत आहे, जे करतच नाही त्याला ते लागू नाही. कॅथलिक हॉस्पिटलं बिशपांच्या नियमांनी चालतात, त्यात थेट नसबंदीला मनाई आणि गंभीर आजाराच्या उपचारात वंध्यत्व आलं तर परवानगी. २०१५ मध्ये पुन्हा त्याच शास्ता काउंटीत, रेडिंग शहरातल्या मर्सी या कॅथलिक हॉस्पिटलात, सिझेरियनच्या वेळीच ट्यूब बांधायला नकार मिळाला. डॉक्टर तयार, भूल दिलेली, पोट उघडंच, काम काही मिनिटांचं, तरी नाही, म्हणजे नंतर दुसरं ऑपरेशन दुसरीकडे. एका पेशंटच्या बाबतीत कायदेशीर नोटीस गेल्यावर हॉस्पिटल नमलं, पण दुसरीला कोर्टाने २०१६ च्या जानेवारीत तातडीचा आदेश द्यायला नकार दिला. मग २०१९ मध्ये, अशाच एका कॅथलिक हॉस्पिटलाने एका ट्रान्सजेंडर पुरुषाची (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेल्या) पिशवी काढायचं ऑपरेशन ऐन वेळी रद्द केल्याच्या केसमध्ये राज्याच्या अपील कोर्टाने भेदभावविरोधी कायद्याखाली दावा चालू शकतो असं म्हटलं, तीनच दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं म्हणून भेदभाव पुसला जात नाही असं कोर्टाचं म्हणणं.

डॉक्टरांची काळजी खोटी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ३० किंवा कमी वयात नसबंदी केलेल्या बायकांपैकी १४ वर्षांत सुमारे २०% जणींना पश्चात्ताप झाल्याचं दिसलं, त्यापेक्षा मोठ्यांमध्ये ६%. पण हे आकडे पेशंटसमोर ठेवायचे असतात, तिच्या नावाने निर्णय घ्यायला वापरायचे नसतात.

आपल्याकडच्या वाचकांनी तुलना करायची तर केंद्र सरकारच्या २००६ च्या मानकांमध्ये जोडीदाराची संमती लागत नाही असं स्पष्ट आहे, तरी नवऱ्याची सही अनेक ठिकाणी मागतात, पण त्याच मानकांत बाईचं लग्न झालेलं हवं, वय २२ ते ४९ हवं आणि एक वर्षावरचं एक तरी मूल हवं अशाही अटी आहेत, वैद्यकीय कारण असेल तर मुलाची अट लागत नाही. कॅलिफोर्नियात लग्नाची आणि मुलांची अट घालायला बंदी आहे, इथे ती मानकांतच आहे.