सरासरी ५५ लिटर, मग वरच्या आळीला पाणी का नाही?

जलजीवन मिशनची योजना पूर्ण झाली, टाकी रोज काठोकाठ भरते आणि तरीही वरच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात, अशी बातमी उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतेच. त्यावर लोकांची दोन निदानं ठरलेली असतात: ठेकेदाराने पैसे खाल्ले, नाहीतर उद्भवालाच, म्हणजे योजनेच्या विहिरीला किंवा तलावालाच, पाणी नाही. दोन्ही खरी असू शकतात. पण दोन्ही खोटी असली तरी वरची आळी कोरडी राहू शकते, कारण गावाला दिवसाचं पाणी पुरेसं असतं आणि तासाचं नसतं.

सरासरीचा हिशोब सोपा आहे, तो आधी उरकू. आज ४,००० वस्तीचं गाव घ्या. वाहिन्या साधारण ३० वर्षांसाठी आखतात. वर्षाला १ टक्का वाढ धरली तर ३० वर्षांनी वस्ती ५,४०० च्या आसपास जाते. जलजीवन मिशनच्या मापाने, माणशी दिवसाला ५५ लिटर धरले, की २ लाख ९७ हजार लिटर झाले. वाटेत १५ टक्के पाणी गळणार असं धरतात, आणि इथे एक चूक हमखास होते. घरात पोचणारं पाणी म्हणजे टाकीतून सुटलेल्या पाण्याचे ८५ टक्के, म्हणून ०.८५ ने भागायचं असतं. पुष्कळजण १.१५ ने गुणतात. भागाकाराने ३ लाख ४९ हजार येतात, गुणाकाराने ३ लाख ४१ हजार. फरक दिसायला किरकोळ आहे, पण तो १४० माणसांचा रोजचा वाटा आहे.

साडेतीन लाख लिटरला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला ४ लिटर येतात. हा झाला सरासरी प्रवाह.

या आकड्यात काय काय सुटतं ते प्रत्येक गावाचं वेगळं असतं. दुभती म्हैस दिवसाला ५० ते ७० लिटर पाणी पिते, म्हणजे तिला माणसाचा पूर्ण वाटा लागतो, आणि गोठ्याची धुलाई वेगळी. बीडकडच्या ऊसतोड गावांत हंगामात वस्ती रोडावते आणि नेमकी उन्हाळ्यात परत येते. पंढरपूरची वस्ती लाखभर, पण आषाढीला लाखो माणसं येतात. तिथे जनगणनेचा आकडा धरून केलेलं गणित त्या आठवड्यात निरुपयोगी असतं.

आता मुख्य मुद्दा. सरासरी ४ लिटरची वाहिनी टाकून भागत नाही, कारण सगळं गाव सकाळी सहा ते नऊमध्ये पाणी भरतं. म्हणून सरासरीला ज्या आकड्याने गुणून वितरणाच्या वाहिन्या आखतात, त्याला पीक फॅक्टर म्हणतात. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत ५० हजारांपर्यंतच्या वस्तीला तो ३ दिला आहे, २ लाखांपर्यंत २.५ आणि त्यापुढे २. मोठ्या शहराला लहान आकडा का? यामागचं गणित देखणं आहे, आणि या लेखाचा थोडा जास्त भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

समजा, सकाळच्या गर्दीच्या तासात प्रत्येक घरचा नळ एकूण ६ मिनिटं उघडा असतो. म्हणजे कुठल्याही क्षणी तो उघडा सापडण्याची शक्यता दहात एक. १० घरांच्या गल्लीत सरासरी १ नळ चालू असेल. पण गल्लीची वाहिनी एकाच नळापुरती टाकली तर रोज भांडणं होतील. १०० पैकी ९९ क्षणी पुरेल अशी वाहिनी हवी असेल तर द्विपद वितरणाने (एकूण नळांपैकी एका वेळी किती उघडे असतील याची शक्यता सांगणारं गणित) उत्तर येतं ४ नळ, म्हणजे सरासरीच्या चौपट. घरं १०० असतील तर सरासरी १० नळ आणि तयारी हवी १७-१८ नळांची, पावणेदोन पट. १,००० घरांत सरासरी १०० नळांना १२२ ची तयारी लागते आणि १०,००० घरांत १,००० नळांना १,०७० ची.

असं होतं कारण घरांची संख्या n आणि नळ उघडा असण्याची शक्यता p असेल, तर सरासरी np असते, पण त्याभोवतीची चढउतार √(np(1−p)) एवढीच असते. घरं १०० पट झाली की सरासरी १०० पट होते, चढउतार मात्र दहापटच वाढते. गर्दी जितकी मोठी, तितका योगायोगाचा वाटा पातळ होतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉय हंटर यांनी १९४० साली इमारतींच्या नळजोडणीसाठी हेच गणित मांडलं. संडासाचा फ्लश व्हॉल्व्ह एका वेळी ९ सेकंद चालतो आणि ऐन गर्दीत दर ३०० सेकंदांनी एकदा वापरला जातो, म्हणून शक्यता ०.०३. त्यांची मर्यादाही ९९ टक्क्यांचीच होती.

योगायोग पातळ झाला तरी घड्याळ पातळ होत नाही. सकाळची लगबग १० घरांत असते तशी लाख घरांतही असते. नियमावलीतला २ हा आकडा मुख्यतः या घड्याळाचा आहे. मोठ्या शहरात तोही थोडा बोथट होतो, कारण तिथे पाळ्या असतात, हॉटेलं असतात, कचेऱ्या असतात. सगळ्यांची सकाळ एकाच वेळी होत नाही.

या सगळ्या गणिताला एक अट आहे: नळ एकमेकांपासून स्वतंत्रपणे उघडायला हवेत. आपल्याकडे ती अट वॉल्व्हमन, म्हणजे चावी फिरवून पाणी सोडणारा कर्मचारी, मोडतो. त्याचा दोष नाही, त्याला तसंच वेळापत्रक दिलेलं असतं. सकाळी सहा ते आठ पाणी. सहाला चावी फिरली की गावातला प्रत्येक नळ उघडा आणि त्याखाली पिंप, कळशी, बादली, टाकी, जे असेल ते. p आता ०.१ नाही, १ आहे. p एक झाला की √ च्या आतला (1−p) शून्य होतो आणि मोठ्या संख्येचा सगळा फायदा संपतो.

दिवसाचे साडेतीन लाख लिटर २ तासांत द्यायचे तर सेकंदाला ४८ लिटर लागतात. सरासरीच्या १२ पट. वाहिन्या आखल्या आहेत ३ पटीसाठी, १२ लिटरसाठी. गावातले ९०० नळ एकदम उघडले आणि प्रत्येकाची धार दहा लिटरची बादली १०० सेकंदांत भरेल इतकी मामुली धरली, तरी मागणी सेकंदाला ९० लिटर होते. दिवसाआड पाणी देऊन दोन दिवसांचा कोटा त्याच २ तासांत पुरा करायचा म्हटलं तर १२ चे २४ पट होतात.

मग वाहिनीत काय होतं? घर्षणाने दाब जितका खर्च होतो, तो प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढतो. (दाब इथे मीटरमध्ये मोजला आहे, म्हणजे तो पाण्याला किती उंच चढवू शकतो.) प्रवाह चौपट झाला की दाबाचा खर्च चौपट नाही, १३ पट होतो. टाकीतल्या पाण्याची पातळी वरच्या आळीपेक्षा २० मीटर उंच आहे आणि ठरलेल्या प्रवाहाला वाटेत १० मीटर दाब खर्च होतो असं धरा. आळीत १० मीटर उरतात. बैठ्या घराला ७ मीटर पुरतात. चौपट प्रवाहाला १३० मीटर लागतील, जे कुठून आणणार? पण तिथवर जावंच लागत नाही. प्रवाह जेमतेम दीडपट झाला की वाटेतला खर्च २० मीटरवर जातो आणि वरच्या आळीचा दाब शून्य होतो. टाकीजवळच्या खालच्या आळीत मात्र धो धो धार, कारण तिथवर वाटेचा खर्च जवळजवळ नाहीच.

यावर वरच्या आळीचा उपाय म्हणजे नळालाच टिल्लू पंप. तो वाहिनीतून पाणी ओढतो, वाहिनीत दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि जिथे सांधा गळतो तिथून आत गटाराचं पाणी येतं. गॅस्ट्रोची साथ आली की क्लोरीन वाढवतात. पंप तसेच राहतात.

वेळ वाढवणं हा खरा उपाय. तेच पाणी ८ तास समान धारेने दिलं तर सरासरीच्या ३ पट प्रवाह लागतो, म्हणजे वाहिनी आखली होती तेवढाच. त्यावर आक्षेप येतो की जास्त वेळ सोडलं तर जास्त पाणी लागेल. तो अर्धा बरोबर आहे. गळती जास्त वेळ चालते आणि ज्या नळांना तोटीच नाही ते वाहतच राहतात. म्हणून आधी तोट्या, मीटर आणि उंचीनुसार वेगळे झोन, मग वेळ. दुसरी बाजू अशी की २ तासांच्या पुरवठ्यात लोक भीतीने साठवतात आणि नवं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओततात. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून आणि वापराच्या टप्प्यानुसार चढते दर ठेवून चोवीस तास पुरवठा करून दाखवला आहे.

‘स्मार्ट’ सेन्सर आणि मोबाईलवर दिसणारे रंगीत आलेख हे त्यानंतरचं काम. २ तासांच्या पुरवठ्याच्या गावात सेन्सर फक्त शून्य दाब अचूक दाखवेल. तीच गत नारळ हातावर ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याची. नारळ उभा राहो की आडवा, मे महिन्यात विहीर तासाला किती लिटर देईल हे त्याला सांगता येत नाही. ते पंप लावून, पातळी किती उतरते आणि किती वेळात भरून येते हे मोजूनच कळतं, आणि ही चाचणी पावसाळ्यानंतर लगेच घेतली तर आकडा फसवा येतो.

मागणी मोजायला मात्र महागडं काही लागत नाही. टाकीच्या पातळीची पट्टी आणि घड्याळ पुरे. टाकी ९ मीटर व्यासाची गोल असेल तर पाणी १० सेंटीमीटर उतरलं म्हणजे ६,३६० लिटर गेले. भरणारा पंप बंद ठेवून दर अर्ध्या तासाला नोंद घ्यायची. पंप बंद ठेवणं शक्य नसेल तर त्या वेळात आत आलेलं पाणी हिशोबात मिळवायचं. हे उन्हाळ्यातल्या साध्या दिवशी करायचं, लग्नाच्या तिथीला नाही. सर्वांत मोठा अर्धा तास भागिले दिवसाची अर्ध्या तासाची सरासरी, हा त्या गावाचा स्वतःचा पीक फॅक्टर.

गळतीसाठी रात्री २ ते ४ ची नोंद बघायची, पण वॉल्व्ह उघडा ठेवून. त्या २ तासांत पातळी ५ सेंटीमीटर उतरली तर ३,१८० लिटर गेले, दिवसाचे ३८ हजार. त्यातून छतावरच्या टाक्या फ्लोट व्हॉल्व्हने (टाकी भरली की आपोआप बंद होणाऱ्या झडपेने) रात्री भरत असतील तर तेवढं वजा करायचं. शिवाय रात्री नळ बंद असल्याने वाहिनीत दाब जास्त असतो, त्यामुळे दिवसाची गळती या आकड्यापेक्षा थोडी कमीच निघते.