घरगुती सुरक्षा कॅमेरे आणि पोलिसांची पोच

घराच्या दारावर, अंगणात, जिन्यात किंवा आतल्या खोल्यांत स्वतःच्या खर्चाने बसवलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पोलिसांना कोणाकडून, कधी आणि कोणत्या अधिकाराने मिळते, आणि ते मिळताना घरातल्यांच्या व दारावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खाजगीपणाचे काय होते, हा या नोंदीचा विषय. अशा चित्रणाला बोलण्यात सर्रास ‘फुटेज’ म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे. कॅमेरा कोणाच्या मालकीचा यावरून या बाबतीत फारसे काही ठरत नाही. फुटेज कोणाच्या ताब्यात आहे आणि ते उघडण्याची किल्ली कोणाच्या हातात आहे, यावर जवळजवळ सगळे ठरते.

उगम

घरगुती कॅमेऱ्याचा जन्म पोलीस वेळेवर येत नाहीत या तक्रारीतून झाला, हे आज थोडे गमतीचे वाटते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणारी परिचारिका. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे बरेच आणि बोलावल्यावर पोलीस यायला उशीर. तिने व तिचा नवरा आल्बर्ट ब्राउन याने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोके, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, घरात चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दार दुरून उघडण्याचे बटण आणि मदत बोलावण्याचे वेगळे बटण, अशी ती रचना होती. पोलिसांना यात आणायचे की नाही हे घरातल्या माणसाने ठरवायचे होते.

पुढची काही दशके घरातले फुटेज आधी टेपवर आणि मग डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, डब्यात साठत राहिले. पोलिसांना ते हवे असले तर घराची बेल वाजवावी लागे. मालकाने राजीखुशीने दिले तर प्रश्न मिटला. नाही दिले तर न्यायालयाकडून झडतीचे वॉरंट आणावे लागे, आणि ते घेऊन पुन्हा त्याच दारात यावे लागे. आपल्याकडे काय मागितले जात आहे, हे मालकाला त्यामुळे आपोआप कळे. कायद्याने मुद्दाम दिलेले हे संरक्षण नव्हते, डबा घरात असल्याचा तो परिणाम होता.

२०१० नंतरच्या दशकात इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि डोअरबेल आले आणि डबा घराबाहेर गेला. फुटेज कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, साठू लागले. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेली ‘रिंग’ ही या धंद्यातली सर्वांत गाजलेली कंपनी. गूगलची ‘नेस्ट’, ‘आर्लो’, ‘वाइझ’, ‘यूफी’ ही आणखी काही नावे. आता पोलिसांना दोन दारे झाली, एक घरमालकाचे आणि दुसरे कंपनीचे. दुसऱ्या दारावरची थाप घरात ऐकू येईलच असे नाही.

पोलिसांच्या वाटा

या विषयावरचा बहुतेक वाद अमेरिकेत झडला असल्याने तिथली चौकट आधी पाहणे सोयीचे. तिथल्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती सरकारला अवाजवी झडती व जप्तीपासून रोखते. परंतु मालकाने स्वतः संमती दिली की वॉरंटची गरज उरत नाही. शिवाय ही दुरुस्ती सरकारला बांधते, शेजाऱ्याला नाही. एका खाजगी माणसाने मिळवलेली वस्तू पुढे सरकारच्या हाती आली तर त्यात घटनेचा भंग होत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्येच म्हटले आहे. म्हणून शेजारच्या कॅमेऱ्यात टिपला गेलेला माणूस, शेजाऱ्याने ते फुटेज आपण होऊन पोलिसांना दिल्यास, सहसा काही करू शकत नाही. कॅमेरा कुठे रोखायचा हेच पोलिसांनी सांगितले असेल तर मात्र मालक पोलिसांचा हस्तक ठरू शकतो आणि मग घटना लागू होते.

कंपनीच्या दाराशी १९८६ चा साठवलेल्या संदेशांविषयीचा कायदा उभा असतो. डोअरबेलमध्ये कॅमेरा ही कल्पनाही बाजारात नव्हती तेव्हाचा हा कायदा आहे. सर्वसाधारणपणे फुटेजसाठी वॉरंट आणि खातेदाराचे नाव, पत्ता, पैसे भरल्याची माहिती यांसाठी त्याहून साधा आदेश, असा व्यवहार चालतो. या कायद्यातल्या दोन गोष्टी वापरणाऱ्यांना क्वचितच माहीत असतात. पहिली अशी की, पोलिसांनी नुसते पत्र पाठवले तरी कंपनीला मागितलेली नोंद ९० दिवस जपून ठेवावी लागते आणि ही मुदत आणखी ९० दिवस वाढवता येते. त्यानंतर मालकाने अ‍ॅपमधून फुटेज पुसले तरी जपलेली प्रत शाबूत राहते. दुसरी अशी की, मृत्यू किंवा गंभीर इजेचा धोका आहे असे कंपनीला प्रामाणिकपणे वाटले तर ती वॉरंटशिवाय, मालकाला न विचारता फुटेज देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे महत्त्वाचे, कारण देण्याची सक्ती नाही. म्हणजे घरमालकाच्या वतीने निर्णय कंपनीचा कर्मचारी घेतो, तोही पोलिसांनी सांगितलेल्या हकिकतीवर विसंबून. सिनेटर एडवर्ड मार्की यांनी विचारल्यावर रिंगने जुलै २०२२ मध्ये कबूल केले की त्या वर्षात तोवर ११ वेळा असे फुटेज दिले गेले होते. आकडा लहान आहे. पण तो जाहीर व्हायला एका सिनेटरला पत्र लिहावे लागले.

वॉरंट असले की सगळे आलबेल, असेही नाही. ओहायो राज्यातल्या हॅमिल्टन शहरात २०२२ मध्ये पोलीस एका शेजाऱ्याचा तपास करत होते. समोरच्या घरमालकाने सुरुवातीला त्यांना आपणहून फुटेज दिले. पोलिसांची मागणी वाढत गेली आणि शेवटी त्यांनी न्यायाधीशाकडून कंपनीच्या नावे वॉरंट आणले. त्यात घराबाहेरचेच नव्हे तर घरातले आणि त्याच्या दुकानातले कॅमेरेही घातलेले होते. तपास ज्याचा चालू होता तो माणूस या घरात राहतही नव्हता. वॉरंट किती रुंद असावे हे तपासण्याची जबाबदारी न्यायाधीशाची. मात्र एका खात्यातले सगळे कॅमेरे कंपनीच्या नोंदीत एकाच यादीत असल्याने ‘या खात्याचे सर्व फुटेज’ असे लिहिणे फार सोपे जाते. डबा घरात असता तर पोलिसांना तो शोधत खोलीखोलीतून फिरावे लागले असते, आणि इतकी मोठी झडती कशासाठी, हा प्रश्न कोणालाही सुचला असता.

तिसरी वाट विनंतीची. रिंगने २०१८ पासून पोलीस ठाण्यांशी करार करून त्यांना एक खास पोर्टल दिले. पोलिसांनी नकाशावर भाग आणि वेळ निवडायची आणि त्या भागातल्या कॅमेरामालकांना विनंती पोहोचायची. २०२२ पर्यंत यात सामील झालेल्या पोलीस दलांची संख्या २,१६१ झाली होती. नकार द्यायला मुभा होती. तरी वर्दीतल्या माणसाने केलेली विनंती आणि शेजाऱ्याने केलेली विनंती यांत फरक असतो, हे कोणाला वेगळे सांगायला नको. लॉस एंजलिसच्या पोलिसांनी २०२० च्या वर्णद्वेषविरोधी निदर्शनांच्या वेळी अशीच फुटेज मागितल्याचे पुढे उघड झाले. जून २०२१ पासून या विनंत्या सर्वांना दिसतील अशा जाहीर पोस्टमधून कराव्या लागल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ही सोयच बंद केली. २०२५ मध्ये ती वेगळ्या रूपात परत आली. या वेळी पोलिसांसाठी टेझर (विजेचा झटका देणारे हत्यार) व अंगावरचे कॅमेरे बनवणारी ‘अ‍ॅक्सॉन’ मध्ये होती. त्याच वर्षी गाड्यांच्या नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे पुरवणाऱ्या ‘फ्लॉक सेफ्टी’शी हातमिळवणी जाहीर झाली आणि टीकेचा गदारोळ उठल्यावर फेब्रुवारी २०२६ मध्ये ती रद्द झाली. कंपनीचे धोरण हे कंपनीच्या सोयीने बदलते. कॅमेरा घेताना वाचलेल्या अटी दोन वर्षांनी त्याच असतील याची हमी नसते.

याशिवाय पुष्कळ शहरांत पोलिसांकडे कॅमेऱ्यांची नोंदवही असते. कोणत्या घरावर कॅमेरा आहे एवढेच तीत असते, फुटेज नसते. काही ठिकाणी एक पायरी पुढे जाऊन थेट चालू चित्रच पोलिसांच्या पडद्यावर जोडले जाते. सॅन फ्रान्सिस्कोने सप्टेंबर २०२२ मध्ये काही कारणांसाठी, मालकाच्या परवानगीने, खाजगी कॅमेरे २४ तासांपर्यंत थेट पाहण्याची मुभा पोलिसांना प्रायोगिक तत्त्वावर दिली. घडून गेलेल्या गुन्ह्याचे फुटेज मागणे आणि काही घडते का म्हणून पाहत बसणे, या दोन्हींना एकच ‘संमती’ हा शब्द पुरवणे अवघड आहे.

इतर देश

युरोपात प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. तिथे आधी मालकालाच जाब विचारला जातो, की रस्ता टिपण्याचा तुला काय अधिकार? चेक प्रजासत्ताकातल्या एका घराच्या खिडक्या वारंवार फोडल्या जात होत्या. मालकाने कॅमेरा लावला, फोडणारे सापडले, फुटेज पोलिसांकडे गेले. संशयितांपैकी एकाने त्या कॅमेऱ्याच्याच वैधतेला हरकत घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक रस्ताही टिपणारा कॅमेरा ‘निव्वळ घरगुती’ कामात बसत नाही आणि त्याला विदासंरक्षणाचे, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याचे, नियम लागतात. मात्र आपले घर व जीव राखण्याचा मालकाचा रास्त हेतूही जमेस धरता येतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने २०२१ मध्ये डोअरबेल व इतर कॅमेऱ्यांवरून शेजारणीच्या बाजूने निकाल देताना आवाजाच्या मुद्रणावर विशेष बोट ठेवले. चित्रापेक्षा आवाज जास्त लांबवरचा टिपला जात होता. कॅमेरा म्हटले की सगळे चित्राचाच विचार करतात, हे खरेच.

भारतात घरातला डीव्हीआर अजून बऱ्यापैकी टिकून आहे, त्यामुळे पोलीस सहसा दारातच येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ९४ खाली न्यायालय किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासाला आवश्यक वस्तू हजर करण्यास लेखी फर्मावू शकतो. त्यासाठी न्यायाधीशाची सही दरवेळी लागत नाही. न्यायालयात हे फुटेज पुरावा म्हणून उभे राहायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. २०२३ चा वैयक्तिक विदासंरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला वगळतो आणि गुन्ह्याच्या तपासालाही मोठी सूट देतो. त्यामुळे मालक आणि पोलीस या दोन्ही टोकांना त्याचा हात सैलच पडतो.

तांत्रिक उपाय

कायद्याची वाट न पाहता कुलूप बदलणे हा दुसरा मार्ग. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ चालू असले की फुटेज उघडण्याची किल्ली मालकाच्या फोनवरच राहते; कंपनीने सर्व्हरवरचे सगळे पोलिसांना दिले तरी त्यातून चित्र दिसत नाही. रिंगने ही सोय २०२१ मध्ये आणली, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि केली की कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या काही सोयी बंद पडतात. मेमरी कार्डावर किंवा घरातल्या डब्यात साठवण हा जुना उपाय. तो वापरताना कंपनीचा दावा पारखून घ्यावा लागतो. ‘सगळे घरातच राहते’ असे सांगणाऱ्या यूफीच्या कॅमेऱ्यांतून लहान चित्रे क्लाउडवर जात असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवले. कंपनीच्या आतल्या नजराही विसरून चालत नाही. रिंगच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये किमान ८१ महिलांच्या कॅमेऱ्यांतले हजारो व्हिडिओ पाहिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता आणि २०२३ मध्ये कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

एन्क्रिप्शनने पोलीस थांबत नाहीत, ते पुन्हा घराच्या दारात येतात. फोन किंवा डबा जप्त करण्याचे वॉरंट त्यांना तरीही आणता येते. पण मालकाला ते कळते, वकील करता येतो, मागणीच्या रुंदीवर भांडता येते. दारावरून रोज जाणारा पोस्टमन, घरकामाला येणारी बाई किंवा समोरच्या घरातले मूल यांच्यासाठी मात्र यातली कोणतीच किल्ली नसते. त्यांच्या बाबतीत कामाला येते ती फक्त कॅमेऱ्याची मांडणी: शेजारचा भाग झाकणारे प्रायव्हसी झोन, आवाज बंद ठेवणे, साठवणीची मुदत कमी करणे. रिंगची मूळ मुदत अमेरिकेत ६० दिवस आणि युरोपात ३० दिवस आहे. कॅमेरा तोच, शिरस्ता कायद्याप्रमाणे वेगळा.

या मुदती मालकाच्या खात्यापुरत्या असतात. पोलिसांकडे गेलेली प्रत त्यांच्या हिशेबाने राहते. मार्की यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये रिंगकडून मिळवलेल्या उत्तरांत हे स्पष्ट झाले होते की, एकदा मिळालेले फुटेज पोलिसांनी किती काळ ठेवावे किंवा पुढे कोणाला द्यावे यावर कंपनीचे कोणतेही बंधन नव्हते.