नजर लागली, पण दुर्बिणीची

भाच्याचा मोंटानाहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र होता. लाल, नीट कोरलेला, कंपासने काढावा तसा. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तो पाहिला आणि फोन माझ्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली. परत आली ती मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन. मोबाइलच्या काचेवरून तीनदा मूठ फिरवली, मग मोहऱ्या तव्यावर टाकल्या. त्या तडतडल्या. "बघ, किती लागली होती!" ताई म्हणाली. मोहरीतलं पाणी तापून वाफ झाली की ती तडतडतेच. रोज आमटीच्या फोडणीत तडतडते तेव्हा कुणाची नजर उतरत असते, हे मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या घरात गेली कित्येक वर्षं विचारतो आहे. उत्तर नाही.

घडलं होतं ते असं. भाच्याला तिथल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून पाचेक आठवडे रायफलचा हंगाम असतो. परवाना काढायचा, कमरेच्या वर निदान ४०० चौरस इंच नारिंगी कापड घालायचं आणि दिवसभर डोंगर चढायचा. चढायचा म्हटल्यावर खांद्यावर ओझं नको, म्हणून त्याने एका मित्राची महागडी, अतिशय हलकी रायफल नेमबाजीच्या मैदानावर चालवून पाहिली. पहिल्याच गोळीला रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीची कड भुवईत.

"मामा, रायफल हलकी म्हणजे धक्काही कमी बसायला हवा ना?"

या प्रश्नासाठी मी हा लेख लिहितो आहे. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि येऊरच्या जंगलात जाऊन छऱ्याच्या बंदुकीने होला पाडणं हीसुद्धा शिकारच. ठाण्यात बसून या रायफलचं फक्त गणित करता येतं. आणि मला आवडतं तेही तेवढंच.

तलावपाळीला बोटीतून काठावर उडी मारली आहे कधी? आपण पुढे, बोट मागे. दोघांचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, सारखाच असतो, दिशा उलट. पण वेग सारखा नसतो. जड बोट जेमतेम सरकते आणि हलकी फायबरची बोट पायाखालून अशी निसटते की उडी मारणारा मासुंदा तलावात. रायफल म्हणजे ती बोट आणि गोळी म्हणजे आपण. बोट जितकी हलकी, तितकी ती जोरात मागे येणार.

आता आकडे. अमेरिकेत गोळीचं वजन अजून ग्रेनमध्ये मोजतात. घाबरू नका, हे माप आपल्या सोनाराच्या ओळखीचं आहे. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा. भाच्याने झाडलेलं काडतूस होतं .३०८ विंचेस्टर, १९५२ साली बाजारात आलेला प्रकार. त्यातली गोळी १५० ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडी जास्त, ९.७ ग्रॅम. नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला साधारण ८६० मीटर. गुणाकार केला की ८.४ एकक संवेग.

शाळेतलं गणित इथे संपतं, कारण शाळेच्या बंदुकीत दारू नसते. खऱ्या काडतुसात जवळजवळ तीन ग्रॅम दारू असते. ती जळून वायू होते आणि गोळी बाहेर पडताच तो वायू तिच्या मागून तिच्याहूनही वेगाने सुटतो, सेकंदाला अंदाजे १२०० मीटरने. त्याचा संवेग साडेतीन. म्हणजे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यातला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा नुसत्या धुराचा! एकूण झाले ११.९. हा आकडा काडतुसाने ठरवला, रायफल कोणतीही असो, तो बदलत नाही.

दुर्बीण धरून ३.६ किलोची रायफल असेल तर ती सेकंदाला ३.३ मीटरने मागे येईल. भाच्याच्या हातातली होती २.७ किलोची, ती आली ४.४ मीटरने. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून जड रायफलची ऊर्जा २० ज्यूल, हलकीची २६. ज्यूल डोळ्यांसमोर येत नसतील तर असं बघा. २.७ किलोची पिठाची पिशवी एक मीटर उंचीवरून खांद्यावर पडली, तर हलक्या रायफलचा धक्का. ३.६ किलोची पिशवी फक्त ५५ सेंटिमीटरवरून पडली, तर जड रायफलचा. पिशवी हलकी केली खरी, पण ती पडते जवळजवळ दुप्पट उंचीवरून.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं, सांगू? धक्का गोळी गेल्यानंतर बसतो असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. गोळी नळीत पुढे सरकायला लागली त्याच क्षणी रायफल मागे सरकायला लागलेली असते, कारण दोघांचा मिळून जो गुरुत्वमध्य आहे तो (खांद्याचा दाब बाजूला ठेवला तर) जागचा हलू शकत नाही. नळीत गोळी अर्धा मीटर धावते. तिच्यामागे वायूही पसरत असतो, त्याचं निम्मं वजन गोळीच्या हिशेबात धरलं तर ११.२ ग्रॅम अर्धा मीटर पुढे गेले. मग २७०० ग्रॅमना किती मागे यावं लागेल? त्रैराशिक मांडा. दोन मिलिमीटर. जड रायफलला दीड. वेळ, दाब, बल काही माहीत नसताना नुसत्या वजनांवरून हे उत्तर निघतं, म्हणून त्याच्यावर माझं प्रेम.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण नळी वर असते आणि दस्ता, म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्याला टेकतो तो तिच्या खाली. त्यामुळे रायफल सरळ मागे येत नाही, टेकलेल्या जागेभोवती फिरते आणि नळीचं तोंड वर उचलतं. गोळी अजून आतच आहे! तोंड किती उचलेल हे दस्ता खांद्यावर कुठे टेकला, हात किती घट्ट होता, यावर अवलंबून. दर वेळी सगळं हुबेहूब सारखं असेल तर गोळ्या एकाच जागी जातील, नसेल तर नाही. जड रायफल या चुका पोटात घालते. १० मीटर एअर रायफलचे स्पर्धक ५.५ किलोच्या मर्यादेजवळ जाणारी जड रायफल हौसेने उचलतात. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं त्या प्रकारात छरा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, धक्का नावालाच, तरी वजन हवंच असतं.

मग भुवईचं काय? दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसण्यासाठी डोळा तिच्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर दूर ठेवायचा असतो. भाचा टेबलाशी बसला होता, नीट दिसावं म्हणून पुढे वाकला आणि अंतर चारवर आलं. ४.४ मीटर वेगाने चार सेंटिमीटर जायला एक शतांश सेकंदही लागत नाही. पापणी मिटायला याच्या कितीतरी पट वेळ हवा. तेव्हा ताईचं एका अर्थी बरोबर आहे. नजर लागलीच होती, दुर्बिणीला, फार जवळून.

जाता जाता सिनेमावाल्यांनाही एक सांगून टाकतो. गोळी लागून खलनायक काच फोडून मागे उडतो ना? गोळीकडे ८.४ एवढाच संवेग. ८० किलोच्या माणसाला त्यातून मिळणारा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर. झाडणाऱ्याला मात्र धुराचा वाटा धरून त्याहून जास्त बसतो. न्याय करायचा तर आधी नायकाने उडायला हवं.

आता खरेदी. भाच्याचं बजेट बेताचं. टायटॅनियम आणि कार्बन फायबर वापरून सव्वादोन किलोच्या रायफली करतात, पण त्यांची किंमत हजारो डॉलरांत जाते. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिससारख्या साध्या रायफली प्लास्टिकच्या दस्त्यासह पावणेतीन ते तीन किलोंत बसतात. मी त्याला म्हटलं, यातलीच एक घे. जास्तीचे पैसे देऊन वाचवलेला पाऊण किलो तू खांद्यावर धक्क्याच्या रूपात परत घेणार आहेस. डोंगर चढताना पाऊण किलोच वाचवायचा असेल तर पिशवीतलं पाणी आणि खाऊ बघ.

धक्का कमी करायचा तर रायफलऐवजी काडतूस बदलावं. ६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नेडीने २००७ साली आणलं. त्याची १४० ग्रेनची गोळी त्याच २.७ किलोच्या रायफलमधून झाडली तर ऊर्जा २६ वरून २१ वर येते. .२४३ विंचेस्टर घेतलं तर १५ वर, पण एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावरासाठी ते तोकडं पडतं आणि जखमी जनावर रानात सोडणं याच्याइतकं वाईट काही नाही. नळीच्या तोंडाला भोकांचा तुकडा लावून वायू बाजूला वळवता येतो, पण मग कानाचं काही खरं नाही. दस्त्याला मऊ रबराची गादी मात्र जरूर लावावी. रायफल एक सेंटिमीटरऐवजी दोन सेंटिमीटरमध्ये थांबली की सरासरी बल निम्मं होतं. दुर्बीण ३-९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची पुरे. ती साडेतीनशे-चारशे ग्रॅमची असते. ५० मिलिमीटरची भिंगं दुकानात छान दिसतात.

राहिली नळी. हलक्या रायफलची नळी बारीक असते आणि इथे चौथा घात येतो. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास १० टक्के कमी केला तर वजन १९ टक्क्यांनी कमी होतं, ताठपणा मात्र ३४ टक्क्यांनी. (मधलं भोक मी सोडून दिलंय, ते धरलं तर आकडे थोडे हलतात.) म्हणून काही नळ्यांना बाहेरून उभे चर पाडतात. जाड नळीला चर पाडून तेवढ्याच वजनाच्या बारीक नळीहून ती ताठ राहते. शिवाय बारीक नळीत लोखंड कमी, म्हणून ती लवकर तापते. तापलेल्या नळीत धातूचे आतले ताण जागे होतात, ती केसभर वाकते आणि १०० मीटरवर तो केस दिसतो. शिकारीत एक-दोन गोळ्याच लागतात, तेव्हा हे चालून जातं. मैदानावर नाही.

परवा पुन्हा फोन आला. त्याने ६.५ क्रीडमूरची साधी रायफल घेतली होती, गादीसकट. विमानतळाची बॅग मोजायच्या काट्याला लटकवून दाखवली, दुर्बिणीसह ३.३ किलो. म्हणजे १७ ज्यूल. भुवई बरी होती. मग त्याने निशाण्याचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पहिली तीन भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ, चौथं दोन बोटं वर, पाचवं त्याच्याही वर.

"तीन झाल्यावर किती थांबलास?"

"थांबलो नाही. बाहेर बर्फ पडलाय मामा, नळी कशाने तापणार?"

"पुढच्या वेळी बोल्ट उघड, आत काडतूस नाही ना ते बघ, आणि नळीला बोट लाव."

"लावलं होतं," तो म्हणाला आणि आईला दिसणार नाही अशा बेताने बोट कॅमेऱ्याजवळ आणलं. टोकाला छोटासा पांढरा फोड होता.