जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा व्यवहार (ठाणे–नवी मुंबई)

उत्पादन थांबलेल्या मोटारी खोलून त्यांतले वापरण्याजोगे भाग काढणे, साठवणे आणि हौशी मालकांनी ते एकमेकांना विकणे किंवा बदलून देणे. या व्यवहाराला मराठीत एक असे रूढ नाव नाही. ‘गाडी खोलली’, ‘कटिंगचा माल’ असे बोलले जाते. जिचे भाग दुसरीसाठी काढतात ती ‘डोनर’ आणि कारखान्याच्या खोक्यात न वापरता पडून राहिलेला जुना भाग म्हणजे ‘एनओएस’. या भागांची जुनी बाजारपेठ कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडच्या आसपास आहे. खाडीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे वागळे इस्टेट, ठाणे–बेलापूर पट्टा, शीळफाटा–डायघर आणि कळंबोली येथे बाजारापेक्षा गोदामे आणि कारखानदारी अधिक. त्यामुळे या भागाचा विचार कुर्ल्यापासून तोडून करता येत नाही.

संज्ञा : ‘भंगार’ हा शब्द ‘मोडणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘भञ्ज्’ धातूशी ‘भंग’ या नामाच्या मार्गाने जोडण्याची रीत आहे. लोखंडी मोडतोडीपुरता त्याचा अर्थ नंतर आकसला असावा. दुसरीकडे जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोने. ज्ञानेश्वरीत तो शब्द आहे आणि कोकणीत ‘भांगर’ आजही त्याच अर्थाने घरोघरी बोलला जातो. हा शब्द ‘भृंगार’ (सोन्याची झारी, सोने) यापासून आल्याचे मानतात. दोन्ही शब्दांत फरक एका कान्याचा. शिवाय भंगाराचा धंदा करणाऱ्यांच्या भाग्याविषयी जे बोलले जाते ते ऐकता, दोन्ही एकच मानण्याचा मोह होतो. तथापि ध्वनिसाम्यापलीकडे त्याला आधार देणे कठीण असल्याने प्रस्तुत नोंदीत ‘भंग’पासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य धरली आहे.

सोन्याचा संबंध मात्र वेगळ्या वाटेने खरोखरच येतो. जुने वाहन नष्ट करण्याला वर्तमानपत्री मराठीत ‘मोडीत काढणे’ म्हणतात. ‘मोड’ हा सराफी शब्द. दागिना मोडीत दिला की वजनाचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते. या व्यवहाराचे सगळे गणित त्याच फरकावर उभे आहे. भंगारवाला गाडी वजनाने घेतो आणि हौशी मालक त्याच्याकडून घडण विकत घेतो. दाराची काच वर-खाली करणारी मूठ, पुढच्या दाराची तिकोनी काच, बोनेटवरचा मोनोग्राम यांचे वजन काही ग्रॅमपासून फार तर एखाद्या किलोपर्यंत, पण त्यांची किंमत वजनावरून ठरत नाही. दोन भावांमधली ही दरी जितका काळ टिकते तितकाच काळ गाडी खोलली जाते, नाहीतर ती सरळ कापली जाते.

पार्श्वभूमी : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. स्वतः उत्पादन न करता केवळ जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, असे १९५३ मध्ये धोरण ठरले. १९५४ मध्ये जनरल मोटर्स बाहेर पडली आणि फोर्डनेही त्याच सुमारास काम आवरले. त्यानंतरची तीन दशके सामान्य ग्राहकाला निवड होती ती मुख्यतः तीन घराण्यांत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट (कारखाना कुर्ल्याला), हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर (उत्तरपाडा, बंगाल) आणि मद्रासची स्टँडर्ड. ठाण्यात फियाटचे भाग मुबलक आणि अँबॅसिडरचे त्या मानाने कमी सापडतात, त्याचे कारण रसिकतेत नसून कुर्ल्याच्या अंतरात आहे. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) पहिली वसाहत. तिथल्या लेथ आणि मिलिंगच्या छोट्या कारखान्यांनी न मिळणारा भाग नमुन्यावरून बनवून देण्याची सोय केली. आता त्यातल्या बऱ्याच गाळ्यांत संगणकाची कार्यालये आहेत. नवी मुंबई त्याहून वयाने लहान. सिडकोची स्थापना १९७० ची आणि खाडीपूल १९७३ चा. म्हणजे तिथे दिसणाऱ्या खऱ्या जुन्या गाड्या तिथे म्हाताऱ्या झालेल्या नाहीत, त्या आणलेल्या आहेत.

फियाटची वंशावळ आणि ‘डुक्कर’ : मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट (१९६४), प्रेसिडेंट (सु. १९७२) आणि पद्मिनी (सु. १९७४) असा क्रम सांगितला जातो. मुंबईकरांच्या तोंडी असलेली ‘डुक्कर फियाट’ यांपैकी नेमकी कोणती, यावर जाणकारांत एकमत नाही. एक पक्ष हे नाव मिलेचेंतोच्या आधीच्या, बोनेट पुढे निमुळते होत गेलेल्या फियाट ११०० ला देतो. दुसरा पक्ष ते मिलेचेंतोलाच लावतो. नाव पडण्याचे कारण दोन्ही पक्ष एकच सांगतात : पुढे काढलेले तोंड. कारणाच्या दृष्टीने पहिला पक्ष सरस वाटतो, पण प्रत्यक्ष बोलण्यात दुसऱ्याचाही वापर इतका आहे की त्याला चूक म्हणणे पुस्तकी ठरेल. भाग शोधणाऱ्यासाठी हा वाद निव्वळ शाब्दिक नाही. आधीच्या ११०० ला चेसिस (खालचा सांगाडा) वेगळी होती. इटलीत १९५३ मध्ये आलेल्या ११००/१०३ पासून, म्हणजेच आपल्या मिलेचेंतोपासून, बॉडी आणि चेसिस एकजीव झाली. ‘डुक्कर’चे मडगार्ड म्हणून मागवलेला पत्रा त्यामुळे भलत्याच गाडीचा निघू शकतो. नाव बाजूला ठेवून पुढची दारे कोणीकडे उघडतात ते विचारणे बरे. मिलेचेंतोची उलटी उघडतात, डिलाइटची सरळ.

बाहेरून एवढा फरक असूनही इंजिनाचे मूळ माप बदलले नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी., स्ट्रोक (दट्ट्याची धाव) ७५ मिमी., चार सिलिंडर, एकूण १,०८९ घ. सेंमी. हे माप इटलीत १९३७ पासूनचे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या पेट्रोल पद्मिनीतही तेच होते.

पद्मिनीचे उत्पादन सु. २०००–०१ मध्ये थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी मात्र ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. नोंदणीच्या वर्षावरून उत्पादनाचे वर्ष ठरवणे किती धोक्याचे, याचे हे ठळक उदाहरण.

टॅक्सीचा पत्रा : काळ्या-पिवळ्या जसजशा बाद होत गेल्या तसतसा त्यांचा पत्रा बाजारात आला. तो खासगी गाडीचा म्हणून खपवला जातो, म्हणून त्याची परीक्षा हा हौशी लोकांच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे. टपाच्या आतल्या कडेला, जिथे रंगाऱ्याचा हात पोचत नाही, तिथे नखाने खरवडले की पिवळा दिसतो. डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड उलटे करून पाहतात, कारण मुंबईच्या टॅक्सीचा जुना यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे. त्याच्या पट्टीची भोके वरून भरून रंगवली तरी आतून वेल्डिंगचे गोल डाग लपत नाहीत. मग कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचे. ते जिथे ढिले पडते तिथे लांबी (पुट्टी) जाड भरलेली आहे. टपावर कॅरिअरच्या खुणा असतील तर बोलणी तिथेच थांबतात किंवा भाव तरी उतरतो. टॅक्सीचा माल वाईटच, हे मात्र खरे नाही. तिची मागची कमान (पाट्यांची स्प्रिंग) किंवा स्टेअरिंगचे सांधे झिजलेले असणार, पण दाराचे कुलूप, वायपरचा मोटर, मागच्या दिव्याची काच यांना मीटर किती फिरला याच्याशी देणेघेणे नसते.

धातू, रबर आणि आटे : कोकणपट्टीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचा वैरी आहे. दारांखालची पोकळ पट्टी आणि डिकीचा तळ आधी जातो. म्हणून घाटावरून, कोरड्या हवेतून आलेला पत्रा इथे चढ्या भावाने मागतात. पोलादी बंपरवर तांबे, निकेल आणि वर क्रोमचा पातळ थर पुन्हा देता येतो. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या मुठी आणि मोनोग्राम यांना मात्र आतून फोड येतात आणि ते घासले की नक्षीच जाते. असा भाग चांगल्या अवस्थेत मिळाला तर गरज नसतानाही घेऊन ठेवतात. रबराच्या बाबतीत ‘एनओएस’ हा शब्द फसवा आहे. खोके न उघडलेले असले तरी आतले रबर वयाने कडक झालेले असते, आणि जुन्या रबराला पेट्रोलमधले इथेनॉलही मानवत नाही. डायफ्राम, पाइप आणि बीडिंग नवेच घ्यावे, हे मत आता सर्वमान्य आहे.

आट्यांचा गोंधळ याहून खोल आहे. फियाट पूर्णपणे मेट्रिक. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली, म्हणून इंची. तिच्या अर्ध्या इंचाच्या नटाचे माप १२.७ मिमी. भरते, म्हणून तेराचा पाना त्यावर बसतो. पण तीन दशांश मिलिमीटरच्या ढिलाईत जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात. खोललेल्या गाडीचे असे गोल झालेले नट पाहून ती कोणी खोलली असेल याचा अंदाज अनुभवी माणूस बांधतो. झिजलेला सिलिंडर मोठा करताना बोअरची भाषाही वेगळी. अँबॅसिडरचा ‘वीस थाऊ’, ‘तीस थाऊ’, म्हणजे इंचाच्या हजारांशांत, तर फियाटचा मिलिमीटरच्या दशांशांत. अँबॅसिडरचे १,४८९ घ. सेंमी.चे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन त्याच मापाने एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीतही होते, त्यामुळे इंजिनाच्या भागांसाठी परदेशाची वाट मोकळी राहते. सगळ्यात विचित्र प्रकार एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या १,२५० घ. सेंमी. इंजिनाचा : आटे मेट्रिक, डोकी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची) मापाची. लेथवाल्याला हे आधी सांगितले नाही तर तो नवा बोल्ट अगदी नेमका आणि अगदी निरुपयोगी करून देतो.

देवाणघेवाण : हौशी लोकांत रोखीपेक्षा बदली अधिक मानाची समजली जाते. डिलाइटच्या ग्रिलच्या बदल्यात डायनॅमो आणि दोन व्हील कप, असे सौदे होतात आणि त्यांत वरचे पैसे मागणे कमीपणाचे मानतात. अनोळखी माणसाला भाग देताना आधी त्याची गाडी पाहण्याचा आग्रह धरला जातो. भाग गाडीला लागणार की पुन्हा विकला जाणार, हे त्यावरून कळते. दुर्मीळ माल असल्याचे बोलून न दाखवण्याची पद्धत आहे, आणि मिस्त्रीला तो कोणाकडे आहे हे ठाऊक असते. जीप आणि दुचाकी यांची मंडळे वेगळी आहेत. कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात जुळवलेल्या प्यूजो ३०९ चे भाग घराजवळचे असूनही मिळायला सर्वात अवघड. ती थोडी वर्षेच निघाली आणि अजून तिला जुनी म्हणून मान मिळालेला नाही.

कायदा : सुटा भाग विकण्यावर बंदी नाही, पण चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक आरसी बुकाला बांधलेले असल्याने ते इतर भागांसारखे हाताळता येत नाहीत. इंजिन बदलले तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंद करावी लागते. गाडी नष्ट झाली तर कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत कळवायचे असते. ही कळवाकळवी न झाल्याने कापलेली गाडी कागदावर जिवंत राहते, आणि तिचा क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढवण्याचे प्रकार याच फटीतून होतात. चोरीचा माल ठाऊक असून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. वाहने मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारचे नियम आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम निघाले होते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी व चारचाकीला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट डोनरवरून उभ्या केलेल्या गाड्यांना अडचणीची ठरते. या मोजणीने अगदी पहिल्या पद्मिनी सु. २०२४ पासून पात्र होऊ लागतात. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनईला २०३५ पर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर ती वजनाने विकली जाण्याचीच शक्यता जास्त.